वीज कुठं पडली आणि लाईट कुठं गेली: खानापूर भागातल्या एका फीडरमागं घालवलेलं वर्ष

एप्रिल 2024 च्या शेवटच्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, आणि त्या संध्याकाळी आमच्या शेतातल्या पंपाचा स्टार्टर जळला, मोटर पण गेली. रिवाइंडिंगला साडेसहा हजार, स्टार्टरला बेचाळीसशे. शेजारच्या काकूंचा टीव्ही गेला, वरच्या आळीत दोन घरांचे फ्रिज गेले. सगळे म्हणाले वीज पडली. बाबा तेवढं एकच म्हणाले, "बाई, वीज पडली म्हणून सगळी सांगूलालीत खरं कुठं पडली ते कोण सांगत नाही."

(आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.) ते वाक्य डोक्यात राहिलं. मी बेळगावात अकाउंट्सचं काम करते, एक्सेल-टॅलीपलीकडं कॉम्प्युटरचं शिक्षण नाही, इलेक्ट्रिकलचं तर मुळीच नाही. तरी आकाशातून पडलेल्या विजेच्या नोंदी आणि आमच्या फीडरच्या (सबस्टेशनमधून गावाकडं येणाऱ्या लाईनच्या) ट्रिपिंगच्या, म्हणजे लाईन आपोआप बंद पडल्याच्या, नोंदी एका नकाशावर आणायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्यातले निदान चार महिने हे आधीच कुणी सांगितलं असतं तर वाचले असते. म्हणून लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात कुणाला हेच करायचं असेल तर उपयोग होईल.

पहिलं काम म्हणजे लाईट कधी गेली याची लेखी नोंद मिळवणं. सबस्टेशनमध्ये ऑपरेटर रोज लॉगशीट भरतो, त्यात 11 केव्हीचा प्रत्येक फीडर किती वाजता ट्रिप झाला, किती वाजता परत चार्ज केला, कुठला रिले, म्हणजे बिघाड ओळखून लाईन तोडणारं उपकरण, पडला (जादा प्रवाहाचा ओव्हर करंट की तार जमिनीशी जोडली गेल्याचा अर्थ फॉल्ट) आणि कारण असा सगळा तपशील असतो. सेक्शन ऑफिसमध्ये जाऊन विचारलं तर तिथल्या साहेबांनी नीट बसवून घेतलं, चहा दिला, खरं म्हणाले असे कागद तोंडी देता येत नाहीत, माहिती अधिकारात अर्ज करा. मग 10 जून 2024 ला अर्ज टाकला. मी भरभरून दीड पान इंग्रजीत लिहिलं होतं, ट्रिपिंग पण मागितलं, नवीन टीसी (ट्रान्सफॉर्मर) कधी बसवणार ते पण विचारलं. चौदा दिवसांनी परत आला. कर्नाटकात माहिती अधिकाराच्या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा नमुना बघून अर्ज लिहू नका, इथले नियम बघा. भाषेचं पण तसंच, कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, म्हणजे आपल्याकडं कन्नड. आमच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीनं मला साध्या कन्नडमध्ये पाच ओळी लिहून दिल्या: अमुक सबस्टेशन, अमुक फीडर, 1 एप्रिल ते 30 जून 2024, दैनंदिन लॉगशीटच्या प्रती. एवढंच. 1 जुलैला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून दिला आणि 26 जुलैला उत्तर आलं की 91 पानं आहेत, पानाला दोन रुपयेप्रमाणे 182 भरा. तीस दिवसांच्या आत आलं, माझी काही तक्रार नाही. 5 ऑगस्टला गठ्ठा हातात. जाण्यायेण्याचा खर्च शून्य, शक्ती योजनेचं झिरो तिकीट (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट).

ती 91 पानं घेऊन मी बसस्टँडवर बसले आणि पहिलं पान उघडल्यावर छातीत धस्स झालं. सगळं हातानं लिहिलेलं, कन्नडमध्ये, आकडे कधी इंग्रजी कधी कन्नड, झेरॉक्समध्ये कडेची दोन अक्षरं कापलेली. शाळेत कन्नड शिकलेय, बोर्ड वाचते, खरं घाईत लिहिलेलं हस्ताक्षर वेगळं. हळूहळू कारणाच्या रकान्यातले चारपाच शब्द ओळखीचे झाले. 'सिडिलु' म्हणजे वीज पडली. 'गाळी मळे' म्हणजे वारा-पाऊस. 'मर बिद्दिदे' म्हणजे झाड पडलंय. आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं 'गोत्तिल्ल', म्हणजे माहीत नाही. मला हा शेवटचा शब्द फार आवडला. रात्रपाळीला एकटा बसलेला माणूस, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि कारण ठाऊक नाही म्हणून त्यानं तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय.

रोज रात्री जेवणानंतर तासभर असं करत लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये भरायला सहा आठवडे लागले. टीप म्हणून सांगते, तारीख 2024-05-04 अशीच भरा, वर्ष आधी. मी पहिल्यांदा 04/05/2024 असं भरलं होतं आणि पुढं पायथननं (प्रोग्रामिंगची भाषा) त्यातल्या मे महिन्याच्या चार तारखेला एप्रिलची पाच तारीख करून टाकलं, तेरा तारखेपासूनच्या नोंदी मात्र बरोबर वाचल्या, त्यामुळं चूक लवकर दिसलीच नाही.

हे चालू असतानाच विजेचा डेटा शोधत होते. दामिनी ॲप बऱ्याच जणांच्या फोनवर असतं, पुण्याच्या आयआयटीएमचं, आपल्या भोवती 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात विजा पडतायत का ते दाखवतं. जीव वाचवायला ते उत्तम, शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर असावं. खरं त्यात मागच्या एप्रिलच्या नोंदी डाउनलोड करायची सोय मला सापडली नाही. मग उपग्रह. नासाचा लायटनिंग इमेजिंग सेन्सर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेला होता, त्याचा सगळा डेटा फुकट मिळतो, नुसतं लॉगिन करावं लागतं. दोन रविवार मी त्यात घातले आणि मग लक्षात आलं की तो सेन्सर 2017 ते 2023 एवढाच चालला, नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाला. माझी एप्रिल 2024 ची वीज त्यात असणारच नव्हती. आणि असती तरी, स्थानक एका जागेवरून जाताना तिथलं आकाश जेमतेम दीड मिनिट बघतं. ज्यांना आपल्या तालुक्यात कुठल्या महिन्यात जास्त विजा होतात एवढंच बघायचंय त्यांना जुना डेटा चांगला आहे, एकेका ट्रिपिंगशी जोडायला नाही. झेनोडो या संशोधनाच्या डेटाच्या साइटवर डब्ल्यूडब्ल्यूएलएलएन या विजा टिपणाऱ्या जागतिक नेटवर्कवरून तयार केलेला मोकळा डेटा आहे तो पण बघितला, खरं त्यातल्या दिवसावार आकड्यांचा एकेक चौकोन अर्ध्या अंशाचा, म्हणजे साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा. एका चौकोनात जवळजवळ अख्खा खानापूर मावेल एवढा. ब्लिट्झऑर्टुंग नावाचं हौशी लोकांचं नेटवर्क आहे, ते लोक घरी अँटेना लावून विजेच्या रेडिओलहरी पकडतात आणि वेगवेगळ्या ठिकाणी त्या किती वेळानं पोचल्या यावरून जागा काढतात, खरं कच्चा डेटा स्टेशन चालवणाऱ्यांनाच मिळतो.

शेवटी एका इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या सरांना भेटले. त्यांनी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र दिलं आणि 12 ऑगस्टला एका संशोधन संस्थेला विजेच्या नोंदींसाठी विनंती पाठवली. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या म्हणून काम झालं असं मला वाटतं: नेमका चौकोन (अक्षांश-रेखांश चार आकड्यांत), नेमक्या तारखा, आणि डेटा पुढं कुणाला देणार नाही, पैशासाठी वापरणार नाही याची हमी. "बेळगाव जिल्ह्याचा सगळा डेटा द्या" असं लिहिलं असतं तर कदाचित उत्तर पण आलं नसतं. 4 ऑक्टोबरला सीएसव्ही फाइल आली. साडेसात आठवडे. त्या काळात मी रोज सकाळी मेल बघायची, आणि दर सोमवारी सरांना फोन करावासा वाटायचा, दोनदाच केला.

मधल्या काळात तिसरी गोष्ट, फीडर स्वतः कुठून जातो? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोकळ्या नकाशावर मोठ्या टॉवरच्या लाईनी बऱ्यापैकी आहेत, क्यूजीआयएस या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये क्विकओएसएम प्लगइन लावलं की power=line टाकून दोन मिनिटांत उतरतात. आपल्या 11 केव्हीच्या लाईनी मात्र आमच्या भागात जवळपास नव्हत्याच. मग लाईनमन मामांबरोबर चालायचं ठरवलं. सप्टेंबर ते नोव्हेंबर, मिळेल त्या रविवारी. मोबाईलवर जागा टिपायचं क्यूफील्ड ॲप घातलं, तेही ओपन सोर्सच, आणि प्रत्येक खांबाला थांबून एक टिंब. एकूण अकरा रविवार आणि चोवीस किलोमीटर. झाडीत जीपीएस आठदहा मीटर इकडंतिकडं होतो, ते चालतं, विजेची जागाच त्याहून कितीतरी ढोबळ असते. त्रास झाला तो दोन लाईनींचा. आमच्याकडं निरंतर ज्योतीची गावठाणाची लाईन वेगळी आणि पंपांची वेगळी, आणि काही ठिकाणी दोन्ही रस्त्याच्या एकाच बाजूनं जातात. मामा नसते तर मी निम्मी पंपांची लाईन गावठाणाची म्हणून टिपली असती. "वरची तार बघू नको, जंपर कुठं जातोय ते बघ," हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय (जंपर म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा छोटा तुकडा). हे काम एकट्यानं करू नका, आणि खांबाला, ताणाच्या तारेला हात लावू नका. टिंबाबरोबर मी तीन रकाने भरत होते: लायटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) आहे का, अर्थिंगची पट्टी जमिनीपर्यंत शाबूत आहे का, आणि जवळ झाड आहे का.

आता जोडणी. क्यूजीआयएस मी स्पोकन ट्युटोरियलचे व्हिडिओ बघून शिकले. सेकंडहँड लॅपटॉप, 8 जीबी रॅम, त्यावर उबुंटू, सॉफ्टवेअरचा खर्च काहीच नाही. उत्साहात पोस्टजीआयएस (नकाशाच्या माहितीचा डेटाबेस) पण इन्स्टॉल केलं आणि आठवडा त्यात गेला. माझं मत विचाराल तर एका फीडरसाठी त्याची गरज नाही, जिओपॅकेजची एक फाइल पुरते, अख्ख्या जिल्ह्याचं काम काढलं तर मग डेटाबेस.

विजेची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा नकाशावर खानापुरात एकही टिंब नाही. झूम आउट केलं तर सगळी टिंबं नॉर्वेच्या वरच्या समुद्रात. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली होती, 15.6 आणि 74.5 उलटे टाकले की आपण थेट तिथं जातो. ते सुधारलं. मग लाईनीभोवती एक किलोमीटरचा पट्टा काढायला 1000 आकडा टाकला तर प्रोग्रामच अडकला, कारण लेयर अंशांमध्ये होता, मीटरमध्ये नव्हता. आपल्या भागासाठी ईपीएसजी 32643 ही नकाशाची मोजपद्धत वापरा, म्हणजे यूटीएम झोन 43 उत्तर, मग अंतरं मीटरमध्ये मिळतात.

एक किलोमीटरच का? दोन कारणं. वीज तारेवरच पडावी लागते असं नाही, जवळच्या झाडावर नाहीतर माळावर पडली तरी तारेत दाब उसळतो, आणि 11 केव्हीच्या सामानाला सहन होणारा झटका 75 केव्हीच्या आसपासचाच असतो, त्यामुळं शे-दोनशे मीटरवरची जोरदार वीज सुद्धा इन्सुलेटरवरून आर्क (मोठी ठिणगी) काढू शकते. दुसरं, नेटवर्कनं दिलेली जागा स्वतःच काही शे मीटर चुकू शकते. फाइलमध्ये ढगातल्या ढगातल्या विजा पण असतात, त्या आधी बाजूला काढा, जमिनीवर आलेल्याच ठेवा.

वेळ जुळवायला पायथनमधलं पांडास वापरलं, त्यात मर्ज-ॲजऑफ नावाची सोय आहे, प्रत्येक ट्रिपला वेळेनं सगळ्यात जवळची वीज शोधून देते. पहिल्या दिवशी काहीच जुळलं नाही. सोबतची माहिती-फाइल परत वाचली, त्यात एका ओळीत लिहिलं होतं की वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आहे. साडेपाच तास मिळवले.

आणि मग ते दिसलं ज्यानं मी दोन रात्री झोपले नाही. एप्रिलमधल्या जवळजवळ सगळ्या 'सिडिलु' नोंदींत आधी लाईट गेली होती आणि त्यानंतर सहासात मिनिटांनी वीज पडली होती. मला वाटलं माझं सगळंच चुकलंय, तीन महिन्यांचं काम पाण्यात. प्रत्येक ट्रिप आणि तिच्या जवळची वीज यातला फरक घेऊन एक साधा स्तंभालेख काढला. तो शून्यापाशी नाही, उणे सहाच्या आसपास उंच उभा होता. विखुरलेला असता तर जुळणी खोटी म्हणता आली असती, खरं हा एका जागी गोळा झाला होता. दुसऱ्या दिवशी सबस्टेशनला गेले. ऑपरेटर अण्णांना विचारलं, लॉगशीटची वेळ कशावरून लिहिता. त्यांनी मान वर करून भिंतीकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "गडियार स्वल्प हिंदे इत्तु मेडम, मे मध्ये सेल बदललं." घड्याळ मागं होतं. मेच्या मध्यावर सेल बदलल्यानंतरच्या नोंदी मी वेगळ्या काढून बघितल्या, त्यात फरक शून्य-एक मिनिटाचा. मला तिथंच रडू आलं, आनंदानं. अण्णांनी खुर्ची दिली.

त्यामुळं सांगते, कुठल्याही सबस्टेशनच्या हाती लिहिलेल्या नोंदी जोडताना आधी घड्याळ किती पुढंमागं आहे ते काढा, आणि ते सगळ्या महिन्यांना एकच धरू नका. वर ऑपरेटर कधीकधी पाच मिनिटांच्या पटीत वेळ लिहितात ती ढील ठेवा. मी दोन्ही बाजूंना पाच मिनिटं धरली.

सरांनी मात्र एक प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात पण आला नव्हता. वादळ डोक्यावर असताना मिनिटाला कितीतरी विजा पडतात, मग दहा मिनिटांच्या आणि एक किलोमीटरच्या खिडकीत काहीतरी जुळणारच ना? योगायोग किती हे कसं कळणार? त्यांनीच उपाय सांगितला. विजेच्या सगळ्या वेळा मुद्दाम वीस मिनिटं पुढं सरकवायच्या, मग चाळीस, मग उलट्या दिशेला, आणि दर वेळी परत जुळवून बघायचं. खोट्या वेळांवर पण तेवढंच जुळलं तर आपला निष्कर्ष रद्द. 'सिडिलु' लिहिलेल्या 29 नोंदींपैकी खऱ्या वेळांवर 18 जुळल्या, सरकवलेल्या वेळांवर कधी तीन, कधी पाच. म्हणजे विजेचं नातं आहेच, खरं त्या अठरातल्या चारपाच जुळण्या नुसत्या योगायोगाच्या असू शकतात हे पण मान्य करावं लागतं. अहवालात मी दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले.

सगळ्यात मोठी गोष्ट जूनची निघाली. जूनमध्ये ट्रिपिंग एप्रिलपेक्षा जास्त, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस कसा असतो ते आपल्याला ठाऊकच आहे, आणि लोक तेव्हा पण विजेलाच दोष देतात. खरं जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात नकाशावर विजा जवळपास नाहीतच. वळवाचे ढग उंच चढतात, वरती बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटून भार तयार होतो, म्हणून कडकडाट. मान्सून बसल्यावरचे ढग तेवढे उंच जात नाहीत, पाऊस धो धो आणि वीज कमी. जूनच्या ट्रिपा माझ्या झाडांच्या रकान्याशी जुळल्या. म्हणजे जूनसाठी फांद्या तोडायला हव्यात आणि एप्रिल-मेसाठी अरेस्टर आणि अर्थिंग बघायला हवं. दोन्हीला "पावसानं लाईट गेली" म्हणत राहिलो तर दोन्हीपैकी एकही काम होत नाही.

आणि अर्थिंगचं कोडं मामांनी सोडवलं. जुळलेल्या विजांपैकी बऱ्याच माळावरच्या एका पट्ट्यात होत्या, तिथं जांभा दगड आहे. मी म्हटलं तिथं अरेस्टर तर आहेत. मामा म्हणाले, "हाईत की. खरं अर्थिंग आम्ही तपासतो पावसाळ्यात, जमीन वली असते तेव्हा बरोबरच दाखवतंय. चैतात बघ जा तिथं, दगड नुसता कोरडा." जेव्हा विजा पडतात नेमकी तेव्हाच तिथली जमीन सगळ्यात कोरडी, आणि कोरड्या जांभ्यातून विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही. हे कुठल्याच डेटात नव्हतं.

20 जानेवारी 2025 ला चार पानांचा अहवाल, कन्नड आणि मराठी दोन्हीत, आणि एक नकाशा घेऊन सेक्शन ऑफिसला गेले. बाबा पण आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. नकाशा मी ए-थ्री कागदावर रंगीत काढला होता, चाळीस रुपये, आणि तो खर्च वाचवू नका, कारण साहेबांनी चार पानं बाजूला ठेवली आणि नकाशावर बोट ठेवून थेट माळावरच्या खांबांबद्दलच विचारलं. पोचपावती घ्या, शिक्क्यासहित. नंतर तीनदा जावं लागलं, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सामान आलं नव्हतं. मार्चच्या शेवटी माळावर तीन ठिकाणी अरेस्टर बदलले आणि अर्थिंगचे खड्डे नव्यानं काढून कोळसा-मीठ भरलं. फांद्यांचं काम अर्धंच झालं, वनखात्याच्या हद्दीतल्या झाडांना वेगळी परवानगी लागते, तो अर्ज आता ग्रामपंचायतीतून गेलाय.

फरक पडला का ते एका मोसमावरून सांगता येणार नाही, विजा दर वर्षी सारख्या पडत नाहीत, निदान दोनतीन वर्षांचे कागद हवेत. म्हणून 2025 च्या एप्रिल ते जूनच्या लॉगशीटसाठी नवा अर्ज तयार करून ठेवलाय, पाच ओळी, दहा रुपये. परवा संध्याकाळी ढग आले तेव्हा ऑपरेटर अण्णांचा फोटो आला व्हॉट्सॲपवर. भिंतीवरचं घड्याळ आणि शेजारी धरलेला त्यांचा मोबाईल, दोन्हीवर 4:52.